डाव्या दाराचा स्पीकर

"उजवा कान तर केव्हाच गेलाय," कानाचे डॉक्टर कागदावरून मान वर न करता म्हणाले. "दहाएक वर्षं तरी झाली असतील. हळूहळू जातो, म्हणून घरच्यांना कळत नाही. आता आपण डाव्याकडे बघू." त्यांनी पेनाच्या टोपणाने आलेखावरच्या दोन रेघा दाखवल्या. उजव्या कानाची रेघ कागदाच्या तळाशी आडवी पडली होती. डाव्याची वरून बरी निघाली होती, पण मध्येच पायरी चुकल्यासारखी खाली आली होती. मास्तरांची बायको स्टुलावर बसून पर्सचा बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मास्तर तिच्या पाठीमागे उभे होते. "तुम्हाला जाणवलं नाही का बाई?" डॉक्टरांनी आवाज चढवून विचारलं. "जाणवलं की," ती म्हणाली, "एका बाजूने जग जरा लांब गेलं." "मग सांगितलं नाहीत?" "कुणी विचारलं नाही." डॉक्टर हसले. मास्तरही हसले, कारण डॉक्टर हसले होते. मग डॉक्टरांनी डाव्या कानाचं सांगितलं. वर्ष जाईल, फार तर दोन. यंत्र बसवता येईल, त्याने आवाज मोठा होईल, पण बोलणं उमगेलच असं नाही. मास्तरांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली, बायकोला गाडीपर्यंत आणलं, तिच्यासाठी डावं दार उघडलं, लावलं, आणि वळसा घालून आपल्या जागेवर येऊन बसले. किल्ली फिरवायला हात पुढे केला आणि तो तिथेच राहिला. शेजारी ती बसली होती, समोरच्या काचेतून बघत, आणि मास्तरांच्या बाजूला होता तो तिचा उजवा कान. त्या कानात एक बारीक मोत्याची कुडी होती. दहा वर्षं मास्तर त्या कुडीशी बोलत आले होते.

एकतीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवली होती. त्या गावात अशी गल्ली नव्हती, जिथे मास्तरांकडे शिकलेलं एक माणूस राहत नव्हतं. शिकवणाऱ्याची जागा डावीकडची. पायाखाली जास्तीचा क्लच, जास्तीचा ब्रेक. शिकाऊ माणूस समोर बघतो आणि मास्तर शिकाऊ माणसाकडे बघतात: त्याचा गुडघा, त्याचा अंगठा, त्याच्या मानेची शीर. गाडी बंद पडणार हे मास्तरांना गाडीच्या आधी कळायचं. आणि एक दिवस असा यायचा की शेजारच्या माणसाला गाडी आलेली असायची. ते मास्तर कधी तोंडाने सांगत नसत. ते नुसती मान वळवायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे. झाडं, दुकानं, भिंतीवरच्या जाहिराती. सगळ्या गावाला ही खूण ठाऊक होती. मास्तरांनी मान वळवली की पास. मग परीक्षा-बिरीक्षा सरकारी उपचार. पोरं घरी जाऊन सांगायची, "आज मास्तरांनी बाहेर बघितलं!" आणि घरात पेढे वाटल्याइतका आनंद व्हायचा. निवृत्त झाल्यावर शिकवणीच्या गाड्यांतली एक त्यांनी स्वतःसाठी ठेवली. डावीकडचे पेडल काढून टाकले. त्यांची दोन भोकं तळाच्या पत्र्यात राहिली, त्यांवर बायकोने जुन्या गालिचाचा तुकडा कापून टाकला. तेव्हापासून मास्तर शिकाऊ माणसाच्या जागेवर बसत होते आणि बायको मास्तरांच्या. सुरुवातीला दोघांनाही ते जरा चुकल्यासारखं वाटलं होतं. मग सवय झाली. सवय कशाची होत नाही?

घरात समोरासमोर मास्तरांची जीभ टाळूला चिकटायची. लग्नाला चाळीस वर्षं होत आली तरी ताटावर बसून "मीठ" यापलीकडे एखादी गोष्ट बोलायची तर त्यांना घाम फुटे. नजर कुठे ठेवावी तेच कळत नसे. गाडीत तसं नव्हतं. गाडीत नजरेला काम असतं. रस्त्यावर डोळे लावून बसलं की तोंड मोकळं होतं, हा शोध त्यांना फार उशिरा लागला, पण लागला. आपली आई शेवटी काय म्हणाली ते त्यांनी बायकोला गाडीत सांगितलं. मुलीच्या लग्नानंतर घर खायला उठतं, हे गाडीत सांगितलं. छातीत दुखून गेलेली एक रात्र त्यांनी आठवडाभर लपवली आणि पेट्रोल पंपाच्या रांगेत सांगून टाकली. ती ऐकून घेते, असं त्यांना वाटे. बाई शहाणी आहे, उगाच हूं हूं करत नाही, नुसती समोर बघत राहते. आता डॉक्टरांच्या त्या एका रेघेने ते सगळं बोलणं उचलून गाडीबाहेर टाकलं होतं. किती किलोमीटर बोललो आपण, मास्तरांच्या मनात आलं. आणि लगोलग दुसरं आलं, आणि ते आल्यावर बाकीचं सगळं मागे हटलं: पूल.

पुलावरच्या त्या दुपारला आठ वर्षं झाली होती. मुलीकडून परतत होते. दुपारची वेळ. पुलावर काम चालू होतं, त्यामुळे गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. बायकोच्या मांडीवर रुमाल होता आणि ती संत्रं सोलत होती. गाडीभर साल फुटल्याचा वास. मास्तर पुढच्या ट्रकच्या पाटीकडे बघत म्हणाले होते, "त्या भिंतीपाशी मी तुला बोललो, ते बोलायला नको होतं. चुकलं माझं. तू म्हणशील तर पुन्हा शिकवतो." एवढंच. चौदा वर्षं तोंडात घोळवलेली तीन वाक्यं. ती काही बोलली नाही. संत्र्याच्या शिरा काढत राहिली. जरा वेळाने एक फोड तिने त्यांच्या गिअरवरच्या हातात ठेवली, न बघता. मास्तरांनी ती खाल्ली. ही क्षमा म्हणायची, की तोंड बंद करा असं सांगणं, ते त्यांना आजतागायत कळलं नव्हतं. पूल संपला, ट्रक वळला, आणि मास्तरांनी मनात नोंद केली की उत्तर नाही आलं. न आलेल्या उत्तराखाली माणूस आठ वर्षं काढू शकतो. छत्री नसलेल्या माणसासारखा, अंग चोरून. आणि आता डॉक्टर म्हणत होते, दहाएक वर्षं. मग तिने ऐकलंच नसेल! मास्तरांना एकदम हलकं वाटलं. मग वाटलं, म्हणजे आपण अजून सांगितलेलंच नाही. मग वाटलं, वर्ष, फार तर दोन.

"काय झालं? चालू होत नाही का?" बायकोने विचारलं. "होतेय," मास्तर म्हणाले आणि किल्ली फिरवली. तिला ते ऐकू गेलं नव्हतं.

त्यानंतरच्या दिवसांत मास्तरांना घरभर त्या कानाच्या खुणा दिसायला लागल्या. रस्त्याने चालताना ती नेहमी त्यांच्या उजव्या हाताला यायची. कुणी मध्ये आलं तरी वळसा घेऊन पुन्हा तिथेच. मास्तरांना वाटायचं, हे हिचं एक खूळ. पाच-सहा वर्षांपूर्वी एक दिवस तिने पलंगावरच्या बाजू बदलून घेतल्या, "खिडकीचं वारं सोसत नाही" म्हणून. जेवणाचं टेबल भिंतीला लावलं. सगळीकडे तिने आपला चांगला कान मास्तरांच्या बाजूला आणून ठेवला होता, न बोलता, एकेक सामान सरकवत. फक्त गाडीत सरकवायला काही नव्हतं. सीट पत्र्याला नटांनी आवळलेली असतात.

भिंतीची गोष्ट पुलाच्याही चौदा वर्षं आधीची. मुलगी नुकती दिवसभराच्या शाळेत जायला लागली होती. बायको म्हणाली, "लोकांच्या बायकांना शिकवता, मला शिकवा की." मास्तरांनी सकाळचा सहाचा तास तिला दिला. एकवीस दिवसांचा अभ्यासक्रम, घरची असली म्हणून सूट नाही. ती केसांना घट्ट रुमाल बांधून बसायची. पहिले आठ-नऊ दिवस सगळ्यांचे जसे जातात तसे गेले. मग ती सुधारायला लागली, पण एका ठिकाणी अडली. परतीच्या रस्त्यावर एका कारखान्याची लांब भिंत होती. तिथे वळण घ्यायचं, आणि वळणावर हिची गाडी बंद पडायची. बाकी कुठे नाही. चढावर नाही, बाजाराच्या गर्दीत नाही. भिंतीपाशी रोज. मास्तर रोज समजावत. क्लच असा सोड, जशी झोपलेल्या मुलाखालून दुलई काढतेस. ती मान हलवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सतराव्या दिवशी मागच्या सीटवर पुढच्या तासाचे दोघे जण येऊन बसले होते. गाडी भिंतीपाशी बंद पडली, पुन्हा चालू केली, पुन्हा बंद पडली. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मास्तरांनी उभ्या आयुष्यात शिकाऊ माणसावर आवाज चढवला नव्हता. आधी किंवा नंतर कधीच नाही. त्या दिवशी चढवला. "तुझ्याच्याने व्हायचं नाही! ऊठ तिथनं." ती उठली. दार हळूच लावून मागच्या सीटवर जाऊन बसली आणि मागच्या पोराला म्हणाली, "जा बाबा पुढे, तुझा वेळ मोडला." त्यानंतर बावीस वर्षं तिने स्टिअरिंगला हात लावला नाही. रागावली नाही, अबोला धरला नाही, सकाळी सहाचा चहा मात्र ती आता एकटीने प्यायची, ओट्याशी उभी राहून.

टेबलावर तिच्या डाव्या कानाशी बसून हे पुन्हा सांगता आलं असतं. तीन वाक्यं तर होती. मास्तरांनी एकदा प्रयत्नही केला. "अगं," ते म्हणाले. तिने मान वर केली, आणि तिचे डोळे असे स्वच्छ त्यांच्यावर येऊन थांबले की मास्तर म्हणाले, "नळ गळतोय वाटतं." म्हणजे पुन्हा गाडीच हवी. आणि गाडीत तर तो कान दाराकडे. दुसऱ्या दिवशी अंघोळ करताना त्यांना सुचलं की मग आवाज दाराकडूनच आला पाहिजे.

बाजारात एक रेडिओवाला होता. गाड्यांत स्टिरिओ बसवायचा. मास्तरांचाच विद्यार्थी. त्यांना दुकानाच्या पायरीवर बघून तो स्टूल पुसत बाहेर आला. "मास्तर, तुम्ही? आणि स्टिरिओ? अहो, तुमच्या गाडीत शीळ घातली म्हणून भर चौकात उतरवलं होतं मला. चालत घरी गेलो!" "गाडीचा आवाज ऐकायचा सोडून शीळ घालत होतास," मास्तर म्हणाले. खरंच, शिकवणीच्या गाडीत त्यांनी कधी गाणं वाजू दिलं नव्हतं. स्टिरिओची जागा होती, तिथे प्लॅस्टिकचं झाकण आणि आत शिकाऊंच्या पावत्या. "ठेवून जा गाडी, तासाभराचं काम आहे," रेडिओवाला म्हणाला. "मी करणार," मास्तर म्हणाले. "तू फक्त सामान दे आणि समजावून सांग. आणि त्याला माईक लागला पाहिजे." "माईक?" रेडिओवाल्याने डोळे मोठे केले. "गाडीत सभा घेणार काय मास्तर?" मग मास्तरांचा चेहरा बघून त्याने पुढे विचारलं नाही. कॉलरला लावायचा एक छोटा माईक, त्याला नखाएवढी डबी, डबीतून निघणारी वायर स्टिरिओच्या तोंडावरच्या छिद्रात खोचायची, असं सगळं त्याने काउंटरवर मांडलं, आणि एका कागदावर रंग लिहून दिले. पिवळी वायर थेट बॅटरीची, तिच्यात सदा जीव. तिच्यावर स्टिरिओ आपलं घड्याळ आणि केंद्रं लक्षात ठेवतो. लाल किल्लीची, किल्ली फिरली की जागी होणारी. काळी गाडीच्या उघड्या पत्र्याला, रंग खरवडून. पांढरी जोडी डाव्या दाराची, राखाडी जोडी उजव्या. "जोडीत एक वायर साधी, एक काळ्या पट्ट्याची. ती उलटसुलट करू नका मास्तर." "का, पेटेल?" "पेटत नाही. नुसतं काहीतरी हरवतं. कळेल तुम्हाला."

मास्तर शिकायला बसले. साठी ओलांडलेला माणूस शिकायला बसला की त्याला आपले सगळे विद्यार्थी आठवतात आणि त्यांची क्षमा मागावीशी वाटते. डॅशबोर्डखाली उताणं झोपायचं, मान पेडलच्या दांड्याला टेकवायची, तोंडात टॉर्च धरायचा, आणि हात मात्र दिसत नाहीत अशा जागी काम करायचं. अंधारात वायरी एकमेकींत मिसळायच्या. दाराच्या आतलं पुठ्ठ्याचं अस्तर निघताना त्याच्या तीन क्लिपा तुटल्या. गाडीतून दारात वायर न्यायची तर बिजागरापाशी रबराची एक नळी असते, दार उघडताना-मिटताना वायर चिमटू नये म्हणून. त्या नळीतून वायर पलीकडे सारायला मास्तरांना दोन सकाळी लागल्या. साबणाचं पाणी लावलं, सायकलच्या तारेला वायर बांधली, तार वळली, वायर सुटली, मास्तर स्वतःशी म्हणाले, "हळू, हळू, घाई नाही," आणि आपलाच तो शिकवणीतला आवाज ऐकून गप्प झाले. बायको गच्चीवरून कपडे वाळत घालताना खाली बघायची. गाडीबाहेर आलेले नवऱ्याचे दोन पाय तिला दिसत. "अहो, जिवंत आहात ना?" ती ओरडायची. मास्तर एक पाय हलवून उत्तर द्यायचे. "कशाला हा उपद्व्याप?" एकदा चहा आणताना तिने विचारलं, "मला अर्धंमुर्धं ऐकू येतंय तेवढ्यात गाणी ऐकवून घेताय वाटतं?" "तसंच समज," मास्तर म्हणाले. "आणि ही डबी कसली?" "फोनची." खोटं बोलताना मास्तर पान्याकडे बघत होते.

चूक त्यांच्या हातून झाली ती डाव्या दाराच्या त्या नळीपाशीच. रेडिओवाल्याने दिलेली पट्ट्याची वायर जाड होती, नळीत जाईना. म्हणून त्यांनी घरातल्या टेबल-पंख्याची जुनी दुहेरी वायर घेतली. बारीक, मऊ, सुळकन गेली. पण तिच्या दोन्ही वायरी एकाच रंगाच्या, तपकिरी. कुठली कुठली, खूण काही नाही. मास्तरांनी अंदाजाने जोडल्या. रविवारी सकाळी किल्ली फिरवली तर स्टिरिओला निळा उजेड आला, बातम्या लागल्या, आणि मास्तरांना लहान मुलासारखा आनंद झाला. मग गाणं लागलं. वाद्यं इकडेतिकडे वाजत होती, पण गाणारी बाई कुठे उभी होती ते कळेना. गाडीत होती आणि नव्हती. तिच्या आवाजाचं पोट काढून घेतल्यासारखं. मास्तरांनी काचा वर केल्या, आजूबाजूला कुणी नाही बघून कॉलरला माईक लावला आणि म्हणाले, "एक. दोन. तीन." दोन्ही दारांतून आकडे आले, पातळ, पोकळ, विहिरीच्या काठावरून कुणी दुसऱ्याच माणसाने म्हटल्यासारखे. "त्या भिंतीपाशी," मास्तर म्हणाले आणि थांबले. या आवाजात ते बोलणं म्हणजे पत्र भिजवून टपालात टाकण्यासारखं होतं. त्यांनी रेडिओवाल्याला फोन लावला. तो पलीकडून हसला. "सांगितलं होतं ना मास्तर! तुमची एक जोडी उलटी लागलीय. एका स्पीकरचा कागदी पडदा पुढे ढकलतो तेव्हा दुसऱ्याचा मागे ओढतो. दोन्ही स्पीकर चांगले, दोन्ही आपापल्या परीने मेहनत करतात, आणि मध्ये आवाज मरतो. एक साधा सेल घ्या, टॉर्चमधला. स्टिरिओ बाहेर काढा, दाराच्या वायरीची दोन टोकं सेलला टेकवा, आणि दारातल्या स्पीकरचा कागद बघा. बाहेर आला तर जोडणी सुलटी. आत गेला तर उलटी. पण एकट्याने नाही व्हायचं. सेल एकाने टेकवायचा, बघायचं दुसऱ्याने."

म्हणून त्या दुपारी मास्तरांनी बायकोला हाक मारली, जिन्याखाली, तिच्या डाव्या बाजूला जाऊन. "जरा येतेस? दोन हात कमी पडतायत." ती हात पुसत आली. गाडीची डावी बाजू मास्तरांच्या हत्यारांनी अडली होती: उघडं दार, त्याचं काढलेलं अस्तर, सीटवर पाने, स्क्रू, टेपचं भेंडोळं. "तिकडून बस," मास्तर म्हणाले. ती क्षणभर उभी राहिली. मग वळसा घालून गेली, उजवं दार उघडलं आणि स्टिअरिंगच्या मागे बसली. सीट मास्तरांच्या उंचीला लावलेली होती. तिने काही न विचारता खाली हात घालून दांडी ओढली आणि सीट पुढे घेतली. मास्तर दाराशी उकिडवे बसले होते, त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. "त्या भोकातून दोन तपकिरी टोकं आलीत बघ. एकाला मी टेप गुंडाळलीय. ते सेलच्या टोपीला लाव, दुसरं बुडाला. नुसतं टेकवायचं आणि काढायचं. टेकवलंस की सांग." "टेकवलं." दारातल्या काळ्या कागदाने 'टप्' केलं. इतका लहान आवाज, नखाने पेटी वाजवावी तसा. "पुन्हा." "टेकवलं." टप्. कागद हलला, पण आत की बाहेर ते मास्तरांना नीट दिसेना. उजेड मागून येत होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, तोंड दाराच्या पोकळीजवळ नेलं. आत पत्रा होता, जुना गंज, आणि त्यांनी स्वतः ओढलेली ती वायर. समोर बघायला काहीतरी होतं. हातांना काम होतं. आणि मास्तरांचं तोंड, ते एरवी अशा वेळी उघडायचं तसं, आपणहून उघडलं. दाराला सांगावं तसे ते पुटपुटले, "त्या भिंतीपाशी मी तसं बोलायला नको होतं."

"नकोच होतं," मागून बायको म्हणाली.

मास्तरांच्या हातातला चष्मा तसाच राहिला. डावा आरसा, डावा दिवा, डावं वळण. एकतीस वर्षं लोकांना डावं-उजवं पढवलेल्या माणसाच्या हे ध्यानात आलं नव्हतं, की चालकाच्या जागेवर बसलेल्या बाईचा डावा कान डाव्या दाराकडे असतो. माईक नको, डबी नको, काही नको. ते मागे वळले नाहीत. "ऐकू आलं तुला?" त्यांनी दाराला विचारलं. "आता आलं. तेव्हाही आलं होतं." "तेव्हा कधी?" "पुलावर. कान जात होता तेव्हा, अगदीच गेला नव्हता. डॉक्टर आकडा सांगतात, कानाला काय तारखा असतात?" मग तो हलकेपणा सगळा खोटाच होता. तिने ऐकलं होतं, आणि उत्तर दिलं नव्हतं. "मग बोलली का नाहीस?" "तुम्ही समोर बघत होता. मला वाटलं, रस्त्याला सांगताय. म्हटलं, रस्ता देईल काय ते उत्तर." ती हसली नाही. सेल तिने एका हातातून दुसऱ्या हातात घेतला असावा. स्टिअरिंगवर काहीतरी टकटकलं. "आणि पुन्हा शिकवतो म्हणालात. काय शिकवणार होता?" "गाडी." "गाडी मला येत होती." "कधीपासून?" "दहाव्या दिवसापासून. अहो, चढावर बंद पडली का कधी? बाजारात पडली? एवढे मास्तर तुम्ही, सगळ्या गावाचे पाय ओळखता. भिंतीपाशीच तेवढी कशी पडेल रोज?"

मास्तर मनाने त्या वळणावर गेले होते, डावीकडच्या सीटवर, आणि पहिल्यांदाच तिच्या पायाकडे बघत होते. तो पाय क्लचवरून सुटत नव्हता. तो पाय काढून घेतला जात होता, बेताने, रोज त्याच जागी, झोपलेल्या मुलाखालून दुलई काढावी तसा. त्यांच्या शिकवणीबरहुकूम. "का पण?" ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज बिनमाईकचाच पातळ झाला. गच्चीवर तिने वाळत घातलेल्या चादरी फडफडत होत्या. "ज्याला आलं त्याच्याकडे तुम्ही बघत नाही," ती म्हणाली. "मान वळवता आणि खिडकीबाहेर बघता. दहाव्या दिवशी सकाळी तुमची मान वळायला लागली होती. मी पाहिली. समोर बघत होते तरी पाहिली. वळणावर मी पाय काढला, तशी ती परत आली." मग हिशेबी आवाजात, जसं दुधाचं सांगावं तसं, "घरात तुम्ही मिठाकडे बघता, ताटाकडे बघता. तो एक तास होता. एकवीस दिवस तरी पुरवायचा म्हणत होते. सतराव्यालाच संपला."

मास्तरांना काही म्हणावंसं वाटलं. तीन वाक्यं होती, ती आता कामाची नव्हती. दुसरी तयार नव्हती. "असू दे," ती म्हणाली, "तुमचं काम राहिलं. टेकवू?" "हूं." "टेकवलं." दारात कागदाने टप् केलं. "आत गेला की बाहेर?" तिने विचारलं.

उत्तर आलं नाही, म्हणून तिने पुन्हा विचारलं, मोठ्याने, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं. "अहो, आत गेला की बाहेर?"

"बघितलं नाही," मास्तर म्हणाले.

ती वळली. मास्तर उकिडवेच होते, एक हात दाराच्या कडेला, चष्मा दुसऱ्या हातात, आणि तोंड दाराकडे नव्हतं. चष्म्याशिवाय त्यांना ती जरा पुसट दिसत असणार. कपाळावर आलेली बट, स्टिअरिंगवरचा कोपर, बोटांत धरलेला सेल. त्यांचे डोळे सरकायला जागा शोधत होते, सवयीने. आरसा होता, गिअर होता, सीटवरचे पाने होते. डोळे तिच्यावरून सरकले नाहीत. तिने सेल तसाच टेकवून धरला होता. दारातला कागद, ज्या बाजूला गेला होता त्या बाजूला, ताणून थांबला होता. ती सेल काढेना.